दादाचं मत

२ मार्च

प्रिय बारके,

तुझं पत्र येऊन आठवडा झाला. उत्तर लगेच लिहायचं होतं, पण कागद घेऊन बसलं की फोन वाजतो. माझा नव्हे, तुझ्या दादाचा.

हो, दादाचा फोन मी अजून चालू ठेवलाय. तू म्हणशील, वर्ष होऊन गेलं, वहिनीला वेड लागलंय का? पण त्याला कारण आहे. या शहरातल्या निम्म्या लिफ्टची दुरुस्ती तुझ्या दादाच्या हातची. तो गेल्यावरही माणसं अडकायची ती अडकतातच, आणि त्यांच्याकडे नंबर असतो तो त्याचाच. मागे एक बाई दोन मजल्यांच्या मधे अडकून फोनवर रडत होती. मी तिला म्हटलं, दाराशी झटापट करू नका, खाली बसून घ्या, माणूस निघालाच आहे. दादा असंच सांगायचा, जेवता जेवता घास हातात धरून सांगायचा. मग मी त्याच्या भागीदाराला कळवलं आणि बाई सुटली. त्या दिवशी मला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं. म्हणून तो फोन चार्ज करते आणि खिडकीत ठेवते.

आता निवडणूक लागली आणि लिफ्टवाले राहिले बाजूला. सकाळी तोंडात ब्रश असतो तेव्हापासून सुरू. कधी रेकॉर्ड केलेला आवाज असतो, मी तुमचा सेवक बोलतोय म्हणून. या सेवकाला मी किती वेळा सांगितलं, बाबा रे, मला सेवक नको, माझं मला होतं. तो आपला बोलतच राहतो. कधी खरीखुरी माणसं असतात. ती दादाला नावाने विचारतात. नाहीत म्हटलं की विचारतात, कधी येतील? काल एका मुलीने विचारलं, काकांना कुठल्या वेळेला फोन केला तर सोयीचं पडेल?

मी नुसतं "नाहीत" म्हणते आणि ठेवते. वारले, हे परक्या माणसांना दिवसभर सांगत बसायला जीभ रेटत नाही.

कान कसा आहे? तुला फोनवर ऐकू येत नाही याचं मला नेहमी वाईट वाटायचं. सध्या हेवा वाटतोय.

तुझी
वहिनी


९ मार्च

प्रिय वहिनी,

हेवा करू नकोस. डावा कान पुरता गेला आणि उजव्यात दिवसभर रातकिडा ओरडतो. डॉक्टर म्हणाले, छापखान्यात उभी हयात काढल्यावर एवढं शिल्लक आहे हेच पुष्कळ. मालकाने आता मला मशीनपासून लांब, घड्या घालायच्या टेबलावर बसवलंय. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, पण त्याची भावना चांगली आहे.

आमच्याकडे निवडणूक कागदावरून येते. तिन्ही पक्षांची पत्रकं आम्हीच छापतो. सकाळी सत्तेवाले, दुपारी विरोधातले, आणि वेळ उरला तर ते तिसरे, ज्यांचं नाव कुणाला पाठ होत नाही. माझ्या टेबलावर येतात तेव्हा सगळे एकसारखे हसत असतात. परवा सत्तेवाल्यांच्या गठ्ठ्यात विरोधातल्यांचे दोनेकशे कागद गेले. मालकाचं धाबं दणाणलं. मी म्हटलं, काळजी करू नका, कुणी वाचतच नाही. आणि खरंच, कुणी तक्रार घेऊन आलं नाही.

तू मात्र एकदा स्पष्ट सांगून टाक. तू "नाहीत" म्हणतेस, आणि त्यांच्या लेखी "नाहीत" म्हणजे बाहेर गेलेत. ते परत येणारच. एकदा जीभ रेटून सांग, म्हणजे कायमचं सुटेल.

दादा असता तर गंमत आली असती. त्याने एकेकाला फोनवर बसवून त्याच्या इमारतीत लिफ्ट कुठल्या कंपनीची आहे ते विचारलं असतं.

तुझी
बारकी


१७ मार्च

प्रिय बारके,

तुझं ऐकलं. काकांची वेळ विचारणाऱ्या मुलीचा फोन परत आला तेव्हा सांगितलं की काका गेल्या वर्षी वारले. पोर हळूच म्हणाली, सॉरी हं काकू, मी यादीत खूण करून ठेवते. मला वाटलं, सुटले. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याचा फोन, आहेत का म्हणून. खूण कुठे केली कोण जाणे.

पण आज लिहायला बसले ते वेगळ्याच गोष्टीसाठी. काल दुपारी सत्तेवाल्यांच्या एका कार्यकर्त्याचा फोन आला. वयाने मोठा असावा, बोलणं शांत. त्यालाही सांगितलं. तो हळहळला. खोटं हळहळणं मला लगेच कळतं, दवाखान्यात जन्म गेला माझा. हे तसं नव्हतं. म्हणाला, "फार वाईट झालं, बाई. आमचा जुना माणूस. मागच्या निवडणुकीत त्यांनी मला स्वतः सांगितलं होतं, या वेळी माझं मत तुम्हालाच, आणि विचार करून देतोय म्हणून."

बारके, मी फोन ठेवला आणि तिथेच स्टुलावर बसले.

तुला सगळं ठाऊक आहे. मागच्या निवडणुकीत याच लोकांनी सांगितलं होतं की वस्त्यांमधली लहान प्रसूतिगृहं बंद करून शहराबाहेर एक मोठं रुग्णालय बांधू. निवडून आले आणि वर्षाच्या आत आमच्या प्रसूतिगृहाला कुलूप लागलं. बारा खाटा होत्या, पण एकही कधी फार दिवस रिकामी राहिली नाही. त्या फाटकासमोर मी सबंध थंडी सतरंजीवर बसून काढली. दादा रोज दुपारी हातातलं काम टाकून थर्मास घेऊन यायचा. आम्हा सगळ्याजणींना चहा ओतायचा, माझ्या खांद्यावर शाल सारखी करायचा आणि जायचा. त्या शालीखाली मी ज्यांना शिव्या घालत होते, त्यांनाच हा मत देऊन आला होता?

मला खरं सांग. तुला काही बोलला होता का? सगळ्यांपासून लपवलेलं तुझ्याशी बोलायची त्याला लहानपणापासून सवय.

तुझी
वहिनी


२९ मार्च

प्रिय वहिनी,

उत्तराला उशीर झाला. छापखान्यात श्वास घ्यायला फुरसत नाही. कागद महाग झालाय, आलेला माल ओलसर निघाला, त्याला घडी बसत नाही. मालक माझ्यावर चिडतो, मी कागदावर चिडते.

तू त्या कार्यकर्त्याचं बोलणं एवढं मनाला लावून घेऊ नकोस. दादा जन्मात कुणाला नाही म्हणाला होता का? शेजारच्याने आणलेली भिकार बिस्किटं छान आहेत म्हणून खायचा, आणि मग तो माणूस दर महिन्याला डबा आणायचा. समोरचा माणूस फोनवर काकुळतीला आला की हा म्हणणार, हो हो, तुम्हालाच. त्याने प्रत्येकाला हेच सांगितलं असेल. उद्या विरोधातलेही म्हणतील, आमचा जुना माणूस. विचारून बघ.

माणूस गेल्यावर त्याने केव्हातरी कुणाला फोनवर काय म्हटलं, त्याचा कीस काढायचा नसतो. त्याने तुला चहा आणून दिला, ते तू डोळ्यांनी पाहिलंस. ते धरून राहा.

बाकी ठीक. थंडी सरली. मी गच्चीत कुंड्या लावल्यात.

तुझी
बारकी


४ एप्रिल

प्रिय बारके,

तुझ्या तोंडात साखर पडो. विचारून बघितलं.

विरोधातल्यांच्या एका मुलाचा फोन आला. मी दादा वारल्याचं सांगितलंच नाही. म्हटलं, आमच्या घरचं मत कुणाकडे आहे, तुमच्याकडे काही माहिती आहे का? तो म्हणाला, काका तर आपलेच, पक्के. मी पदराने तोंड दाबलं. मग दोन दिवस त्या तिसऱ्यांच्या फोनची वाट पाहत बसले. कधी वाटलं होतं का, की मी या फोनची वाट पाहीन? शेवटी आला, आणि काय सांगू, तिथेही दादा पक्का. तिन्ही पक्षांत तुझा दादा पक्का. मी एकटीच खिडकीपाशी उभी राहून हसले, मग रडले, मग पुन्हा हसले. खालून जाणाऱ्या पोस्टमनने वर पाहिलं.

भल्या माणसावर मी दोन आठवडे संशय घेतला. जेवताना त्याच्या खुर्चीकडे पाहत नव्हते. आता पाहते.

आणखी एक बातमी आहे. विरोधातल्या उमेदवार घरी येऊन गेल्या. वकीलबाई आहेत, चप्पल दाराबाहेर काढून आल्या आणि सरळ स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसल्या. निवडून आलो तर प्रसूतिगृह उघडू, असं त्यांनी छापलंच आहे. तुझ्याच हातून घडी घालून गेलं असेल. त्या म्हणाल्या, सिस्टर, या भागातली निम्मी तरुण माणसं तुमच्या हातात जन्मलीत. तुमच्या आवाजात एक निरोप रेकॉर्ड करू, तो सगळ्यांच्या फोनवर जाईल. आमच्या आवाजावर लोक फोन ठेवतात, तुमच्यावर ठेवणार नाहीत.

मी आधी नाही म्हटलं. या फोनांनी जीव नकोसा केलाय आणि आता मीच करू? पण मग आठवलं, गेल्या महिन्यात कोपऱ्यावरची ती शिवणकाम करणारी मुलगी मोठ्या रुग्णालयापर्यंत पोचलीच नाही. गाडीतच बाळ झालं. दोघं ठीक आहेत, पण ठीक नसती तर? मी हो म्हटलं.

त्यांच्या माणसाने मजकूर लिहून आणलाय. त्यात शेवटी असं आहे, "माझे यजमान आज हयात नाहीत. प्रसूतिगृह वाचावं म्हणून ते अखेरपर्यंत माझ्या पाठीशी उभे राहिले. आज असते तर त्यांनी वकीलबाईंनाच मत दिलं असतं. त्यांच्यासाठी तरी तुम्ही द्या." पंधरा दिवसांपूर्वी हे माझ्याच्याने वाचवलं नसतं. आता वाचेन. येत्या आठवड्यात रेकॉर्डिंग आहे.

तुझ्या एका वाक्याने माझा नवरा मला परत दिलास. काय खाऊ पाठवू सांग.

तुझी
वहिनी


८ एप्रिल

प्रिय वहिनी,

हे पत्र जलद टपालाने टाकतेय. रेकॉर्डिंगच्या आधी मिळू दे.

तो शेवटचा परिच्छेद वाचू नकोस.

मी तुला खोटं लिहिलं. सगळं खोटं नव्हे. दादा सगळ्यांना हो म्हणायचा, हे खरंच आहे आणि तू पडताळूनही पाहिलंस. पण त्या कार्यकर्त्याला त्याने जे सांगितलं, ते टाळण्यासाठी सांगितलं नव्हतं. त्याने खरोखर त्यांना मत दिलं होतं. मला ठाऊक होतं.

तू सतरंजीवर बसली होतीस त्या थंडीत आमच्या छापखान्याची मालाची लिफ्ट बिघडली आणि मालकाने दादाला बोलावलं. काम झाल्यावर आम्ही दोघं कागदाच्या गठ्ठ्यांवर बसून जेवलो. तो माझ्या उजव्या कानाच्या बाजूला बसला आणि त्याने सांगितलं.

त्याच्या आधीच्या वर्षी तुझ्या दवाखान्यात ती बाई गेली होती, बाळंतपणानंतर, रक्त थांबलं नाही म्हणून. डॉक्टर नव्हता, रक्ताची पिशवी नव्हती, तू आणि एक आया. तू मला त्याबद्दल कधी लिहिलं नाहीस, मीही विचारलं नाही. दादा म्हणाला, त्यानंतर तू घरी येऊन हात धूत बसायचीस. नळ सोडून, अर्धा अर्धा तास. तो दाराबाहेर उभा राहायचा आणि आत यायची त्याला हिंमत व्हायची नाही. तो म्हणाला, "बारके, काही नसलेल्या त्या खोल्यांमध्ये ते हिला एकटीला उभं करतात, आणि माणूस गेलं की ते हिच्या हातून जातं. कुलूप लागलेलं बरं. मी विचार करून मत दिलं."

मी म्हटलं, मग वहिनीला सांग. तो म्हणाला, "ती लढतेय. तिच्या लढाईत मी माझं मत घालणार नाही. चहा नेईन." आणि माझ्याकडून वचन घेतलं.

वहिनी, तू पहिल्यांदा विचारलंस तेव्हा मी वचन पाळलं असं स्वतःला समजावलं. पण आता जे तो कधी बोललाच नव्हता ते त्याच्या नावाने हजारो लोकांच्या कानात जाणार. गेलेल्या माणसाला ते खोडता येत नाही. तुझ्या तोंडून ते जाऊ नये, एवढंच वाटतं.

माझ्यावर रागाव. पण उत्तर दे.

तुझी
बारकी


२० एप्रिल

वहिनी,

तुझं उत्तर नाही. टपाल चुकलं असेल असं पाच-सहा दिवस म्हटलं. आता तसं म्हणवत नाही.

काल मी मालकाच्या खोलीतून फोन केला. किती वर्षांनी केला असेल. तुझा नंबर लागला नाही, म्हणून दादाचा लावला. तू उचललास. तुझा आवाज आहे एवढं कळलं, शब्द एकही कळला नाही. मी "वहिनी, मी" एवढंच म्हटलं असेन, तू काहीतरी जोरात बोललीस आणि फोन बंद झाला. मालक म्हणाला, परत लावू का? मी नको म्हटलं.

तुला माझ्याशी बोलायचं नसेल तर मला ते मान्य आहे. पण तू जेवतेस ना, एवढं एका ओळीत कळव. नाहीतर मीच सुट्टी काढून निघते.

बारकी


३० एप्रिल

प्रिय बारके,

जेवते. आणि तू फोन केला होतास, हे मला तुझं पत्र वाचून कळलं. त्या दिवशी सकाळपासून कितवा फोन होता कोण जाणे. पलीकडून घर्रर्र आवाज, मशीन चालल्यासारखा, आणि एक बाई ओरडून काहीतरी म्हणतेय. मला वाटलं, प्रचाराची खोली. मी म्हटलं, "लाज नाही वाटत का मेल्यांनो, माणूस मेलाय," आणि ठेवला. ते तुला ऐकू आलं नाही हे एका परीने बरंच झालं. कानाचे आभार मान.

आता सगळं क्रमाने सांगते.

तुझं जलद टपाल मिळालं तोवर रेकॉर्डिंग होऊन गेलं होतं. त्यांनी दोन दिवस अलीकडे घेतलं. एका फर्निचरच्या दुकानावरची खोली, भिंतींना गाद्या टेकवून ठेवलेल्या. मी परिच्छेद एका दमात वाचला. तिथला माणूस म्हणाला, सिस्टर, काय वाचलंत, अंगावर काटा आला. मी खूश होऊन घरी आले.

दोन दिवसांनी सकाळी तुझं पत्र आलं. मी ते उभ्यानेच वाचलं. पुन्हा वाचलं नाही, एकदाच पुरे झालं. कूकर लावला, उतरवला. दुपारी दादाचा फोन वाजला. वाटलं, कुणी अडकलं असेल. उचलला तर पलीकडून आवाज आला, "नमस्कार. मी सिस्टर बोलतेय."

माझाच आवाज, बारके. दादाच्या फोनवर, दादाला सांगत होता की माझे यजमान आज हयात नाहीत. मी पहिल्यांदा सेवकाशी बोलायचे तशी बोलले, म्हटलं, अगं थांब. ती थांबली नाही. आज असते तर त्यांनी अमुक मत दिलं असतं, म्हणाली. आणि शेवटी, "सहमत असाल तर एक दाबा."

माझं बोट त्या एकावर होतं. दादाच्या वतीने काय दाबायचं मी? काहीच दाबलं नाही, तर तिने सगळं पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं.

मी तशीच चप्पल घालून फर्निचरच्या दुकानावर गेले. लांब टेबलं, कानाला यंत्रं लावलेली पोरं, सगळी एकाच वेळी बोलतायत. वकीलबाई आत होत्या. मी म्हटलं, तो निरोप थांबवा. त्या म्हणाल्या, सिस्टर, निम्म्या शहरात गेलाय, आणि लोक शेवटपर्यंत ऐकतायत. मी म्हटलं, त्यात एक वाक्य खोटं आहे. त्यांनी विचारलं, कुठलं? मी सांगितलं. अख्ख्या खोलीसमोर सांगितलं, आवाज खाली करायचं मला सुचलंच नाही. जवळच्या दोन पोरांनी कानावरची यंत्रं काढली.

वकीलबाईंचा तोटा होता, चेहऱ्यावर दिसत होतं. त्या मला म्हणू शकल्या असत्या की कुणाला कळतंय. त्यांच्या माणसाने तसं म्हटलंही. पण त्यांनी त्यालाच तो निरोप थांबवायला सांगितलं. मग मीच म्हटलं, दुसरा करा. दुसऱ्यात मी फक्त माझं बोलले. बारा खाटांचं, त्या शिवणकामवाल्या मुलीचं, आणि बारके, त्या गेलेल्या बाईचंही. जे पाच-सहा वर्षं तोंडातून निघालं नव्हतं, ते गाद्यांना टेकून उभी राहून बोलले. म्हटलं, आमच्याकडे रक्ताची पिशवी नव्हती म्हणून ती गेली. आम्ही पिशवी मागत होतो, आम्हाला कुलूप मिळालं.

तुला उत्तर लिहायला बसायचे आणि लिहायचे दादालाच. ती पानं फाडली. त्यात काय होतं ते सांगते. तू चुकलास, असं होतं. हात धुणं थांबलं ते दवाखाना बंद पडला म्हणून नव्हे. त्यानंतर कुलूप लागेपर्यंत मी कितीतरी बाळं त्याच हातांवर झेलली, म्हणून थांबलं. तू दाराबाहेर उभा होतास, आत आला असतास तर मीच सांगितलं असतं. आणि तुला काय वाटलं, मी ऐकून मोडून पडले असते? असं बरंच. खुर्चीकडे पाहून मोठ्याने बोललेही. शेजारीण विचारायला आली, कुणी पाहुणे आलेत का.

पण एक कबूल करते. तो नळाचं बोलला हे वाचलं तेव्हा रागाच्या मधोमध मी जाऊन त्या नळापाशी उभी राहिले. मला वाटायचं, पाण्याच्या आवाजात कुणाला काही ऐकू येत नाही. तो तिथे होता. मताचा राग अजून आहे, तो राहील. चहाचा मात्र नाही. चहा खराच होता, उलट आता जरा जास्तच खरा वाटतो.

तुझा राग आला होता. तू पहिल्या पत्राला सांगितलं असतंस तर मी त्या गाद्यांच्या खोलीत तसं बोलले नसते. पण दुसऱ्यांदा तुला गप्प बसणं सोपं होतं. मी इतकी आनंदात होते, तुला खाऊ पाठवत होते. तरी तू लिहिलंस. तेव्हा आता राग नाही. येतेस म्हणालीस ती सुट्टी रद्द करू नकोस, एवढंच. माझा फोन न लागायचं कारण, मी तो वैतागून बंद करून कपाटात टाकला होता. दोन फोन झेपेनात.

वकीलबाई पडल्या. थोड्याच मतांनी. तो पहिला निरोप तसाच जाऊ दिला असता तर काय झालं असतं, असं माझ्या मनात येतं आणि त्यांच्याही येत असणार. निकालानंतर त्या पुन्हा येऊन त्याच स्टुलावर बसल्या. सत्तेवाल्यांनीच आता मोठ्या रुग्णालयापर्यंत गाडी ठेवायची कबूल केलंय, तिचा अर्ज कसा करायचा ते आम्ही दोघींनी बसून लिहिलं.

फोन आता वाजत नाही. निकालानंतर एकदाच वाजला, चौथ्या मजल्यावरचे कुणी आजोबा अडकले होते.

प्रचार थांबायच्या आदल्या दिवशी मात्र सत्तेवाल्यांच्या त्याच शांत बोलणाऱ्या माणसाचा फोन आला होता. त्याला माझा निरोप मिळाला होता, दुसरा. तो म्हणाला, बाई, तुमचं मत आम्हाला नाही हे कळलं, मी ते मागायला फोन केलेला नाही. पण आमच्याकडे यजमानांच्या नावापुढे अजून आमची खूण आहे. ती चुकीची असेल तर मी काढतो.

बघ, त्याला काढून टाक म्हणणं किती सोपं होतं.

मी म्हटलं, "राहू द्या. खूण बरोबर आहे. आमच्या घरात दोन मतं होती."

तो जरा हसला. "म्हणजे भांडणं होत असतील की तुमची."

"नाही हो," मी म्हटलं. "तेवढंच राहून गेलं."

तुझी
वहिनी